‘घर विकणे आहे’ टाकण्याआधी



या महिन्यात आपल्या पेजवर तीन सभासदांनी घर विकायचं म्हणून निरोप पाठवले. एकाने समोरची भिंत रंगवून, दाराला तोरण लावून फोटो काढला. दुसऱ्याने फोटो इतक्या लांबून काढला की कवेलूखालची वाकलेली मयाल दिसू नये. पण बाप्पा, मी त्याच ओसरीत बसून दहा वर्षं चहा घेतला आहे, ती मयाल मला पाठ आहे. तिसऱ्याने फोटोही नाही, नुसतं लिहिलं, "भाऊ, घर विकणे आहे असं टाकून दे. भाव फोनवर सांगतो."

जाळं विकणे आहे, डोंगा विकणे आहे, बर्फाची पेटी विकणे आहे, हे आपण टाकतोच. त्यात काही विचारायचं नसतं. पण या तीन पोस्ट मी अजून टाकलेल्या नाहीत. दोघांनी फोन करून मला चांगलंच सुनावलं. एक म्हणाला, "सोसायटी मच्छीची हाय, घराची नाई. तुमाले काय करायचं?" संचालकांपैकीही दोघांचं हेच मत आहे. म्हणून का थांबलो ते सगळ्यांसमोर लिहितो. पटलं नाही तर बैठकीत बोला.

माझं म्हणणं एवढंच आहे. घर विकायला काढायचं तर आधी ते तयार करावं लागतं, हे खरं. पण तयार करणं म्हणजे चुना-रंग नव्हे. ते शेवटचं काम. पहिलं काम म्हणजे त्या घरात ज्यांचा हिस्सा आहे त्या सगळ्यांना, खास करून बहिणींना, विचारणं. आणि माझा प्रस्ताव असा आहे की जोवर सगळ्या वारसांची हो आहे असं सभासद लिहून देत नाही, तोवर आपल्या पेजवर कोणाचंही घर विकायला लागू नये.

हे मी शहाणपण शिकवायला लिहीत नाही. मी स्वतः चुकलेला माणूस आहे.

आमचे बाबा २००९ मध्ये गेले. घर मोठं होतं, म्हणजे लांबच लांब. समोर रस्त्याकडे दोन खोल्या आणि ओसरी, मागे आईची चूल, त्याच्या मागे सांदवाडी. २०१२ च्या आषाढात लहान भावावर कर्ज चढलं होतं. तलाव बंद. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, अंडी घालायचा काळ म्हणून. दोन महिने हातात पैसा नाही आणि देणेकरी रोज दारात. आम्ही दोघा भावांनी ठरवलं, समोरचा भाग विकून टाकू. चुना आणला, त्यात निळ कालवली, दोन दिवसांत भिंती पोतल्या. जाळी काढून मागे नेली. ओसरीतल्या खुंट्या उपटल्या, भोकं मातीने बुजवली. घर असं दिसायला लागलं की आम्हालाच ओळखू येईना.

घेणाऱ्याने विचारलं होतं, "बहीण आहे का तुम्हाला?" मी म्हटलं, "आहे, पण तिचं लग्न झालं." हे वाक्य मी बोललो. तेव्हा मला ते उत्तर वाटलं. बाबांच्या जागी नावं चढवताना पंचनाम्यात वारस म्हणून आम्ही आई आणि दोघे भाऊ एवढेच लिहून दिले. पंच आपल्याच ओळखीचे, त्यांनीही सह्या केल्या. रजिस्ट्री झाली, पैसे आले, कर्ज फिटलं.

ताई नरखेडला दिलेली. इथून फार लांब नाही, पण राज्य वेगळं. तिला कळलं पोळ्याच्या नंतर, एका लग्नाच्या बोलणीत, दुसऱ्याच्या तोंडून. आली. उरलेल्या भागात बसली. आईने चहा ठेवला तो घेतला नाही. म्हणाली, "मले पैसे नोको होते रे. विचारलं असतं तं सही करून देली असती. पण तुमी मले मोजलंच नाई." त्यानंतर चार भाऊबीजा ती आली नाही.

कायद्यानं काय झालं तेही सांगतो. सात वर्षांनी त्या घेणाऱ्याने घरावर कर्ज काढायचं ठरवलं. वकिलाने जुने कागद चाळले आणि विचारलं, मृताला मुलगी होती का? गावात कोणीही सांगेल होती म्हणून. तो बिचारा आमच्या दारात आला. त्याचा काही दोष नव्हता, पूर्ण पैसे मोजले होते त्याने. मग मी आणि भाऊ नरखेडला गेलो. कसे गेलो ते मला माहीत. ताई आली, सौसरला येऊन हक्कत्यागाच्या कागदावर तिने अंगठा आणि सही दोन्ही दिलं. एकच मागितलं, आईचा पाटा-वरवंटा. तो समोरच्या खोलीत राहून घरासोबत गेला होता. घेणाऱ्याने त्याच दिवशी रिक्षात घालून पाठवला. आता तो नरखेडला आहे.

तर ज्यांना वाटतं की लग्न झालेल्या मुलीचा घरात हिस्सा नसतो, त्यांच्यासाठी. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई, बायको, मुलगे आणि मुली, सगळ्यांना सारखा हिस्सा. मुलीचं लग्न झालं की नाही हा प्रश्नच त्यात नाही. राहत्या घरापुरतं आधी एक कलम होतं, २३ नंबरचं. भाऊ जोवर स्वतः वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. ते कलम ९ सप्टेंबर २००५ पासून काढून टाकलं. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मापासून हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ मध्ये बाप जिवंत असायलाच पाहिजे असंही नाही. म्हणजे आम्ही २०१२ मध्ये जे केलं ते तेव्हाही चूकच होतं. आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणत नाही. आम्हाला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

त्याच कायद्यात २२ नंबरचं कलम आहे, ते फार कमी लोकांना ठाऊक. वारशाने एकत्र मिळालेल्या घरातला आपला हिस्सा एखादा वारस विकायला निघाला, तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क आहे. म्हणजे परक्याला दाखवायच्या आधी भावाला, बहिणीला विचारा. आपल्याकडे म्हणतात ना, घरचं घरात राहिलं तर बरं. जवाई नागपूरला नोकरीत असेल, त्याला गावाकडे एक खोली पाहिजे असेल, तुम्हाला काय माहीत? विचारल्याशिवाय कळत नाही.

बहिणीने हिस्सा नको म्हटला तर छानच, पण ते कागदावर घ्या. हक्कत्याग नोंदणी केलेला लागतो, तोंडी नाही, साध्या कागदावर नाही. आणि तिने हिस्सा मागितला तर तोंड वाकडं करू नका. बाबांचं तिच्यावरही प्रेम होतं की नाही?

ज्या घरातला कर्ता माणूस पाण्यात गेला आणि लेकरं लहान आहेत, त्या घराबद्दल वेगळं लिहितो, कारण तिथे घाई सगळ्यात जास्त होते. तेरवी होत नाही तोवर घराला गिऱ्हाईक आणणारे लोक असतात. अठराच्या आतल्या लेकराचा हिस्सा आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. त्या बाईला कोणी म्हणेल, "वहिनी, तुम्ही फक्त सही करा, बाकी मी पाहतो," तर तिने आधी सोसायटीत यावं. आणि हेही सांगून ठेवतो की मत्स्य संपदा योजनेतल्या सामूहिक विम्यात मासेमाराचा अपघाती मृत्यू झाला तर ५ लाख रुपये मिळतात. तो दावा टाकायच्या आधी घर विकायला काढणं मला पाप वाटतं.

आता कागद. इथे मी भरभर जातो, कारण प्रत्येकाचं प्रकरण वेगळं.

आधी हे पहा की तुमचं घर कुठे मोडतं. मोहगाव, लोधीखेडा, पिपळा नारायणवार इथे नगर परिषद आहे, बाकी खेड्यांत ग्रामपंचायत. नगर परिषदेच्या घरटॅक्सची पावती म्हणजे मालकी नव्हे. ती फक्त तुम्ही टॅक्स भरला याची खूण. खेड्यातल्या आबादीतल्या घरांसाठी २०२० पासून स्वामित्व योजना आली. आठवत असेल, चुन्याने हद्दीच्या रेषा मारल्या होत्या आणि वरून ड्रोन फिरला होता. त्याचं कार्ड मिळालं असेल तर ते काढून नीट वाचा. त्यात नाव कोणाचं आहे? बऱ्याच घरांत मोठ्या भावाचं एकट्याचं नाव आलं, कारण त्या दिवशी तोच घरी होता. कार्डात नाव आलं म्हणून बाकीच्यांचा वारसा हक्क संपत नाही, हे मोठ्या भावांनी समजून घ्यावं. आणि सरकारी पट्ट्याची जागा असेल तर आपल्या भू-राजस्व संहितेप्रमाणे कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. पट्ट्याच्या मागे अटी छापलेल्या असतात. त्या कोणीच वाचत नाही.

बाबा किंवा आजोबा गेल्यावर फौती चढवली नसेल तर आधी ती चढवा, सगळे वारस लिहून. आधार कार्डावरचं नाव आणि घराच्या कागदावरचं नाव जुळतं का ते पहा. संपदा २.० हे नोंदणीचं नवं पोर्टल १० ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं, त्यात आधारवरून ओळख पटवतात. कागदावर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर त्या दिवशी काम थांबेल आणि घेणारा बिचकेल. आपला जिल्हा २०२३ मध्ये वेगळा झाला, जुन्या कागदांवर छिंदवाडा लिहिलेलं आहे, त्याला घाबरू नका. त्यात खाडाखोड मात्र करू नका. एका सभासदाने निळ्या पेनाने छिंदवाडा खोडून पांढुर्णा लिहिलं होतं. माझ्या कपाळाला हात.

आपली एक जास्तीची अडचण आहे. १९५६ मध्ये नागपूर तिकडे गेलं आणि आपण इकडे राहिलो. घरात मराठी, कागदावर हिंदी. आपल्या लेकी काटोल, नरखेड, वरुड, सावनेरला दिलेल्या. तिकडचे जवाई विचारतात, सातबारा कुठे, फेरफार कुठे, नमुना आठ कुठे? आपल्याकडे खसरा आणि नामांतरण. जवायाला वाटतं, हे लोक काहीतरी लपवून राहिले. म्हणून बहिणीसमोर कागद ठेवताना एकदा मराठीत समजावून सांगा, कोणता कागद कशाचा. सही मागायच्या आधी. सही झाल्यावर नाही.

स्टॅम्पपेपरवर लिहून घर विकायची जी पद्धत आपल्याकडे आहे ती बंद झाली पाहिजे. "पाच पंचांसमोर लिहून देलं" म्हणजे विक्री नव्हे. शंभर रुपये आणि त्याहून जास्त किमतीच्या घराची विक्री नोंदणी झाल्याशिवाय होतच नाही, आणि शंभर रुपयांत तर आता खुंटीही मिळत नाही. मुखत्यारपत्र आणि करारावर घर दिलं तरी मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात सांगून टाकलं. आणि पैसा बँकेतून घ्या. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेऊ नये असं आयकराचा कायदा सांगतो, दंड तेवढ्याच रकमेचा असतो. रोखीतले पैसे बहिणीपर्यंत पोचत नाहीत, हे माझं कायद्याच्या बाहेरचं कारण.

एक कागद मात्र विकू नका, म्हणजे देऊन टाकू नका. जुनी घरटॅक्सची पावती, आजोबांच्या नावाची रजिस्ट्री, जुना पट्टा. आपल्या प्रदेशात मागासवर्गाचा जातीचा दाखला काढायला १९८४ पासून इथे राहत असल्याचा पुरावा मागतात, अनुसूचित जाती-जमातीला १९५० चा. तो पुरावा बहुतेक घरांत याच जुन्या कागदांत असतो. घर गेलं की लोक सगळी थैली घेणाऱ्याला देतात. दहा वर्षांनी नातवाला कॉलेजात दाखला लागतो आणि मग आजी लोकांच्या दारी कागद शोधत फिरते. सांक्षांकित नकला काढून ठेवा. नागपूरला राहायला जाणाऱ्यांनी तर जास्तच, कारण महाराष्ट्र सरकारच्या सवलतीला आपला इथला दाखला चालत नाही, आणि तिथला दाखला त्यांच्या नियमाने मिळायला तिथला जुना पुरावा लागतो, तो आपल्याकडे नाही.

आता या घराकडे येऊ, भिंतींकडे. इथे मला बोलायला आवडतं.

आपलं घर विकायला निघालं की घेणारा पहिले नाक पुढे करतो, मग पाय. हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे. एकजण ओसरीच्या बाहेरूनच म्हणाला होता, "घर चांगलं आहे, पण वास..." आणि रुमाल काढला. त्याच माणसाच्या घरी दर रविवारी आमचा रोहू जातो. असो. राग मनात ठेवा आणि काम करा, कारण भाव त्याच्या नाकावर ठरतो.

वास मच्छीचा नसतो, वास ओल्या जाळ्याचा आणि नालीचा असतो. जाळी घरातून महिनाभर आधी काढा. दोन दिवस आधी काढून चालत नाही, माती वास धरून ठेवते. थर्माकोलच्या पेट्या तर घरात ठेवूच नका, त्या धुवून वास जात नाही, फेकाव्याच लागतात. मच्छी साफ करायची दगडी फरशी असेल तिथे राख आणि चुना टाकून घासा. सांदवाडीतल्या नालीत खवले अडकून राहतात, ती नाली मोकळी करा आणि चार दिवस पाणी सोडा. मांजरं आपोआप कमी होतील. मातीची भिंत असेल तर जुना पोपडा खरवडून मग पांढऱ्या मातीने पोता. वरून रंग फासला तर आतला वास पहिल्या पावसात परत येतो. सारवण घट्ट करा. बायांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, फक्त त्यांना विचारून करा. घर तयार करायचं सगळं काम बायांवर आणि विकायची सगळी बोलणी बापयांत, हेही आपलं एक आहेच.

पण झाकू नका. चार वर्षांआधी आपल्याच एका सभासदाने ओलीच्या भिंतीवर पुट्टी भरून गुळगुळीत केली. उन्हाळ्यात सौदा झाला. आषाढात ती पुट्टी भाकरीसारखी फुगून खाली आली. घेणारा चार लोक घेऊन आला. बयाना परत, वर दुरुस्तीचे पैसे, आणि गावात नाव गेलं ते वेगळं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे, त्यात विकणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. त्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेनं न दिसणारा दोष त्याने सांगायचा असतो. मयालीला उधई लागली आहे? सांगा. मागच्या पुरात सांदवाडीपर्यंत पाणी आलं होतं? सांगा. शेजाऱ्याची पनाळ आपल्या अंगणात पडते आणि त्यावरून दरवर्षी भांडण होते? तेही सांगा. भाव पाच-दहा हजाराने उतरेल. पण रात्री झोप लागेल, आणि लोक आपल्याकडून मच्छीही घेतात, हे विसरू नका. तराजू एकच असतो.

खुंट्या मात्र उपटू नका असं मला वाटतं. मी उपटल्या होत्या. घेणाऱ्याने पुढे त्याच जागी कपडे टांगायला लोखंडी हुक ठोकले.

आता वेळ. आपल्यातली घरं विकायला निघतात ती बहुतेक जून-जुलैत, म्हणजे बंदीच्या दोन महिन्यांत. यापेक्षा वाईट वेळ नाही. कवेलूतून पाणी गळतं, भिंती ओल्या, गल्लीत चिखल, आणि घेणाऱ्याला पक्कं माहीत की याची मजबुरी आहे. तो भाव पाडतो आणि आपण पाडू देतो. विकायचंच तर दिवाळीनंतर ते होळीच्या आत विका. दिवाळीला घर तसंही झाडून-पोतून तयार असतं. भिंती वाळलेल्या असतात. आणि आपल्या भागात तेव्हाच पैसा फिरतो. कापूस वेचणीला आलेला असतो, आंब्या बहाराचा संत्रा निघालेला असतो. घर घेणारा कोण असतो हो? एक तर संत्र्याचे पैसे आलेला शेतकरी, नाही तर बोरगावच्या कारखान्यात नोकरीला लागलेला पोरगा. दोघांच्याही हातात तेव्हा असतं.

"दिवाळीपर्यंत खायचं काय?" हा प्रश्न मी विचारणार हे मला माहीत आहे, कारण २०१२ मध्ये मीही विचारला होता. बंदीच्या काळासाठी बचत-सह-राहत योजना आहे. सभासदाचे १,५०० आणि सरकारचे ३,०००, मिळून ४,५०० रुपये तीन महिन्यांत परत येतात. फार नाही. पण यादीत नाव घालायला मी मागे लागतो तेव्हा अर्धे सभासद आधारची झेरॉक्ससुद्धा आणत नाहीत. किसान क्रेडिट कार्ड मासेमारांनाही मिळतं, आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असा रिझर्व बँकेचा नियम आहे. बँकेत चकरा माराव्या लागतात, मान्य. पण जे लोक सावकाराकडे घराची चावी ठेवून येतात त्यांनी आधी त्या चकरा माराव्या. मी सोबत येतो.

आणखी एक, आणि हे सचिव म्हणून सांगणं माझं कामच आहे. घर विकलं म्हणजे तलाव विकला नाही. तलावाचा दहा वर्षांचा पट्टा सोसायटीच्या नावे असतो, तुमच्या-माझ्या नावे नाही. गेल्या वर्षी एकाने घरासोबत "तलावातला हिस्सा" म्हणून पन्नास हजार जास्त मागितले होते. असा हिस्सा विकता येत नाही, घेणाऱ्यांनीही फसू नये. आणि याच्या उलटही. घर विकून तुम्ही सोसायटीच्या कार्यक्षेत्राबाहेर राहायला गेलात तर सभासदत्वाचा प्रश्न उभा राहतो. बुटीबोरीत खोली घेऊन इथल्या तलावाचा वाटा मागाल तर बाकीचे देणार नाहीत, आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही. घराचा भाव काढताना हा हिशेबही धरा. वर्षाला तलावातून घरात किती येतं? ते घर विकल्याच्या पैशाच्या व्याजापेक्षा जास्त आहे की कमी? दोन सभासदांसोबत बसून मी हा हिशेब कागदावर केला. एकाने घर विकायचं रद्द केलं. दुसऱ्याने विकलं, आणि त्याचंही बरोबरच होतं. त्याची पोरं नागपूरला शिकतात, त्याच्या गुडघ्यात आता डोंग्यात बसायची ताकद नाही. घर विकू नका असं मी कोणालाच म्हणत नाही.

"सोसायटी मच्छीची, घराची नाही" या बोलण्याला माझं उत्तर एवढंच की ज्या घराची रजिस्ट्री कोर्टात अडकते त्या घरातला माणूस तलावावर येत नाही, तारखेवर जातो. त्याच्या जाळ्याची पाळी रिकामी राहते. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसले तर एका डोंग्यात बसत नाहीत. मग ती भानगड सोसायटीची होतेच की. आणि पेजवर टाकलेल्या पोस्टखाली आपल्या सोसायटीचं नाव असतं. उद्या कोणाची बहीण विचारेल, "भाऊ, तुमी माह्या भावाचं घर विकायला टाकलं, मले विचारलं काय?" तर मी काय सांगू? हा प्रश्न मला एकदा घरात विचारून झाला आहे.

त्या तिघांचं सांगतो, नाव न घेता. पहिल्याने काल पांढुर्ण्याहून धाकट्या बहिणीला बोलावलं, मोठी अजून यायची आहे. दुसऱ्याने मयालीचा फोटो जवळून काढून पाठवला आणि खाली लिहिलं, "उधई हाय, भाव त्या हिशोबानं." ती पोस्ट उद्या टाकतो, त्याला भाऊ-बहीण कोणी नाही आणि आईची हो आहे. तिसरा अजून रागावलेला आहे. त्याचा फोन मी उचलतो, तो माझा उचलत नाही. त्याने हे वाचलं असेल तर, भाऊ, संध्याकाळी सहानंतर मी ऑफिसात असतो. कागदांची थैली घेऊन ये. वहिनीलाही आण.